वेगळं वाढलेलं मीठ

अक्का, तू गेल्यापासून मठात सगळे हळू आवाजात बोलतात. तुला हे मुळीच आवडलं नसतं. "काऊन वो, कोनी मेलं का?" असं तू ओसरीवरून ओरडली असतीस आणि कुणीतरी तोंडाला पदर लावून हसलं असतं. आता मेलेली तूच, त्यामुळे ओरडायला कुणी उरलेलं नाही.

मी थकले आहे. रडून नव्हे, रडायला अजून फुरसत झालेली नाही. माणसं आली, गेली, भांडी घासून झाली, तुझी वाकळ उन्हात टाकून झाली, तुझ्या औषधाच्या काढ्याचं गाडगं कुणी फोडावं की ठेवावं यावर दोन म्हाताऱ्यांचं भांडण सोडवून झालं. आज दुपारी पहिल्यांदा टेकले, तर सवयीनं तुझ्या जागेकडे तोंड करून टेकले. आता बसलेच आहे तर बोलते. तू गेलीस म्हणून आपलं भांडण मिटलं असं समजू नकोस.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. तू हट्टी होतीस, हे चांगल्यातच धर.

आपली पहिली भेट तुला शेवटपर्यंत नीट आठवत नव्हती. तू म्हणायचीस, मी तुले नदीवर पाहिली. नदीवर नाही गं, वरवट बकालला, माझ्या सासरच्या दारात. तू तेव्हा पायांनी धड होतीस आणि घाटाखाली गावोगाव फिरत होतीस. काळी वस्त्रं, खांद्याला झोळी. सासूबाई आतून म्हणाल्या, "काळी बाई आली वाटते, पुढं जा म्हना." मी हातातली अर्धी भाकर तुझ्या झोळीत टाकली. महानुभावांच्या साधूंनी भिक्षेच्या दारात नसत्या गोष्टी बोलू नयेत अशी तुमची रीत. तू भाकर बघितलीस, मग माझं मनगट बघितलंस आणि ती रीत मोडलीस.

"घाटावरची हायस ना तू? भाकर पातळ थापली."

"हो. बुलढाण्याची."

"देऊळघाटाच्या पल्याड, पैनगंगेच्या काठाले मठ हाय आपला," तू म्हणालीस. "त्याच्या दाराले कडी नाई."

एवढं बोलून तू शेजारच्या दारात गेलीस. मला वाटलं, म्हातारी बरळली असेल. पण त्या दिवसापासून भाकरी थापताना मला ते बिनकडीचं दार दिसू लागलं.

माझे बाबा बुलढाण्याच्या कचेरीत कारकून. मला त्यांनी चार बुकं शिकवली आणि मग मोठं शेत, दावणीला बैल, घरात माणसं असं स्थळ पाहून घाटाखाली दिली. पत्रिका पाहिली, पाणी कुणी पाहिलं नाही. तिथलं पाणी खारं, अक्का. तुला सांगायला नको, तू सगळीकडचं प्यायली आहेस. घरच्या विहिरीचं खारं आणि मळ्यातल्या विहिरीचं त्यातल्या त्यात गोडं. ज्या दिवशी ज्या विहिरीचं पाणी घरात येईल, त्यावर वरणात मीठ किती घालायचं ते ठरायचं. सासूबाईंना ते नुसतं घागरीकडे बघून कळायचं, जन्म गेला होता त्यांचा. मी घाटावरून गोड्या पाण्याचा हात घेऊन गेलेली. आज खारट, उद्या अळणी. चाखून पाहावं तर देवाला नैवेद्य दाखवण्याआधी काही जिभेला लावायचं नाही, उष्टं होतं. नैवेद्य झाला की लगेच पुरुषांची पानं. म्हणजे चाखायची वेळ त्या घरात कधी यायचीच नाही. मीठ चुकलं हे मला ताट भिंतीवर आपटलं की समजायचं.

ताटानंतर मी. कधी हात, कधी बैलाचा कासरा. सासूबाई मधे पडत नव्हत्या, पण नंतर हळद आणून द्यायच्या. त्यांनीही त्याच घरात हळद लावून दिवस काढले असतील, असं मला आता वाटतं. तेव्हा फक्त राग यायचा. एका वर्षी मिठाच्या कायद्यावरून देशभर गडबड सुरू झाली. आमच्या गावात सभा झाली, घरधनी पुढे बसून टाळ्या वाजवत होते. सभेहून घरी आले, वरणात मीठ कमी. त्या दिवशी त्यांनी मला मारलं नाही. मडक्यातलं मूठभर मीठ माझ्या तोंडात कोंबलं आणि हातानं तोंड दाबून धरलं. गिळल्याशिवाय सोडलं नाही.

हे मी तुला एकदाच सांगितलं होतं. तू उठून मला ताक आणून दिलंस.

त्याआधी मी दोनदा माहेरी जाऊन आले होते. दोन्ही वेळा बाबांनी कचेरीतल्या चपराशाबरोबर परत पाठवलं. दिल्या घरी मुलीनं नांदावं, मीठ शिकायला काय लागतं, असं म्हणाले. आईनं जाताना लोणच्याची बरणी दिली. म्हणून तिसऱ्यांदा मी माहेरचा रस्ता धरलाच नाही. बाजाराच्या दिवशी सासूबाई बाजारात, पुरुष शेतात. शेजारच्या म्हातारीची कापसाची गाडी खामगावला निघाली होती, तिच्या कापसावर बसले. खामगावातून पायी पिंपळगाव राजा, तिथं एका देवळात अंग टाकलं, मग घाट चढले आणि बुलढाण्याला वळसा घालून देऊळघाटाकडे उतरले. पायात काही नव्हतं. वळसा घालताना बाबांच्या कचेरीवरचं कौलारू छप्पर लांबून दिसलं, तेवढं पाहिलं.

दाराला खरंच कडी नव्हती. तू अंगणात जेवायला बसली होतीस. भिक्षेत आलेले भाकरीचे तुकडे, कुणाचं वरण, कुणाची भाजी, कुणाची कढी, सगळं एकत्र कालवून वर तांब्याभर पाणी. जिभेचे लाड होऊ नयेत म्हणून तुम्ही ते तसं करता. तू मला ओळखलं नाहीस, पण कोण, कुठली, असं काही न विचारता अर्धं माझ्यापुढे सरकवलंस. मला ते अमृत वाटलं. त्यात मीठ किती आहे हे कुणाच्या बापालाही सांगता आलं नसतं.

पुढे महंतबाबांनी मला उपदेश दिला आणि मी मठाची वासनिक झाले, म्हणजे पंथ मानणारी पण वस्त्रं न घेतलेली. तुम्ही साधू मंडळी भिक्षेवर, पण मठात येणारी-जाणारी माणसं, पर्वाला जमणारे लोक, त्यांच्यासाठी चूल लागायची. ती माझ्याकडे आली. मी भाकरी केल्या, वरण केलं, भाजी केली आणि मीठ घातलं नाही. मिठाच्या मडक्याकडे हात गेला की कोपरापासून थरथर सुटायची. म्हणून मी मीठ वाटीत काढून पंगतीच्या मधोमध ठेवलं. ज्याला जेवढं हवं तेवढं त्यानं घ्यावं. पहिल्या दिवशी लोक गोंधळले. मग सवय झाली. पाण्याचा तांब्या तोंडाला लावावा तितक्या सहज लोक पान वाढलं की आधी वाटीकडे हात करायचे, चिमूट टाकायचे, कालवायचे आणि मग पहिला घास. देऊळघाटात आपल्याला बिनमिठाचा मठ म्हणू लागले. मनियार चाचा, गावोगाव बांगड्या विकत फिरणारे आपल्या देऊळघाटचेच, दर खेपेला ओसरीच्या कडेला जेवायला बसताना म्हणायचे, "बेटी, तुझ्या हातचं खायचं म्हणजे निम्मा स्वयंपाक आपनच करायचा."

तू हसायचीस, पण सोडायची नाहीस.

"देवाचं पान बाजूले काढून ठेव," तू म्हणायचीस, "मंग उरलेलं चाखून पाय. चाखल्यानं देव बाटत नाई."

"मला नाही चाखवत, अक्का."

"मी कुठं आजच म्हनून राह्यली?"

आणि मग तो दिवस. मी महंतबाबांकडे गेले आणि म्हटलं, मला अनुसरायचं आहे. सगळं सोडायचं, तुमच्यासारखी काळी वस्त्रं घ्यायची, झोळी घ्यायची. बाबा म्हणाले, अक्काला विचार. तू गाठी करत बसली होतीस. सूत वळून त्याला गाठ मारायची, गाठीगणिक देवाचं नाव. तू मान वर न करता म्हणालीस, "ज्या दिवशी तू आपल्या हातानं वरनात मीठ घालशीन, त्या दिवशी मी बाबाले सांगीन."

मला इतका राग आला होता अक्का, की मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नाही. साऱ्या जगाला सोडायला निघालेल्या बाईला ही म्हातारी मिठावर अडवते! देवाला काय माझं वरण हवं आहे? तू म्हणालीस, "देवाले नको. तुले पाह्यजे." बस्स. पुढे कितीही विचारलं तरी तेवढंच.

पण गाठी करायला तूच शिकवलंस. स्मरणाला बसले की देवाचं नाव मधेच सुटायचं. बाहेर बैलगाडी वाजली, कुत्रं भुंकलं, की कान तिकडे. मग घाबरून पहिल्यापासून सुरू करायचे. तू एकदा माझ्या हातातलं सूत धरलंस. "पयल्यापासून कायले? जिथं सुटलं तिथून घे. चुकलं तर चुकलं. आपला देव ताट फेकत नाई." तू सहज बोललीस आणि परत आपल्या सुताकडे वळलीस. माझं मात्र त्या दिवशी आतून काहीतरी सैल झालं. लहानपणापासून मी ज्या देवांना हात जोडले ते सगळे चुका मोजायला बसलेले होते. हा पहिलाच भेटला की जो म्हणत होता, सुटलं तिथून घे. माझी श्रद्धा म्हणतात ती एवढीच आहे, अक्का. पोथ्यांतलं तुम्हाला माहीत. मी जिथं सुटले होते तिथून घेतलं.

मग तो आला. तुला आठवतं का शेवटी शेवटी आपण यावर किती हसायचो? तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. भर दुपारी अंगणात त्याचा आवाज आला आणि मी कणगीच्या मागे शिरले. बरोबर त्याचा भाऊ, हातात काठी. माझी बायको कुठं आहे म्हणून विचारत होता. तू पंगतीला बसलेल्यांकडे बोट दाखवून म्हणालीस, "जेवायची वेळ हाय बाबा. आंधी हात धुवून घ्या."

"मी जेवाले नाई आलो. तिले घेऊन जाले आलो. नाई त कोर्टात जातो."

"जाय ना. पन उपाशी कायले जातं? जेवून जाय."

आणि तो बसला! इतकी माणसं जेवत होती, कुणी उठलं नाही, कुणी घाबरलं नाही, मग उभा राहून तो तरी काय करणार? मी कणगीच्या फटीतून बघत होते. माझ्या हातचंच वरण त्याच्या पानात पडलं. त्यानं घास घेतला, आणि त्याचं तोंड मला माहीत असलेलं तसं झालं.

"मीठ नाई यात."

मी डोळे मिटले. ताटाचा आवाज येईल म्हणून कानावर हात ठेवले. थोड्या वेळानं काढले तर तू मिठाची वाटी त्याच्यासमोर धरून उभी होतीस.

"घे. पाह्यजे तेवढं घे. तुया हातानं घे."

त्यानं घेतलं, अक्का. चिमूट घेतली, टाकली, कालवली, जेवला. हात धुतले, चार शब्द मोठ्यानं बोलला आणि गेला. कोर्टात काही गेला नाही, परतही आला नाही. मी कणगीमागून निघाले तेव्हा तू मला जवळ घेशील असं वाटलं होतं. तू म्हणालीस, "पाह्यलं? वाटी समोर ठेवली का मानूस आपल्या हातानं घेते." आणि भांडी घासायला लावलीस. तुझ्यावर रागवायला मला किती कारणं होती याची गणतीच नाही.

पुढे मनियार चाचांनी बातमी आणली की त्यानं दुसरी केली. मी म्हटलं, सुटले. खरोखर हलकं वाटलं, का खोटं सांगू? पण चाचा पेटीत बांगड्या लावता लावता म्हणाले, "त्या घरी आता लई काच लागते, बेटी. दर खेपेले नवा चुडा. लहान हात हाय पोरीचा. टिकतच नाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जन्मभर बायकांची मनगटं हातात धरलेला माणूस, त्याला आणखी काय विचारायचं? त्या रात्री मात्र माझ्या मनात एकच येत राहिलं, तिला गोड्या विहिरीचं आणि खाऱ्या विहिरीचं कुणी सांगितलं असेल का? मी सांगू शकले असते. मला आता कळत होतं.

सकाळी मी चाचांना देऊळघाटात गाठलं. म्हटलं, पुढच्या खेपेला तिला बांगड्या भरताना सांगा, पैनगंगेच्या काठी मठ आहे, दाराला कडी नाही. चाचा म्हणाले, "सांगतो." तुला येऊन हे सांगितलं तर वाटलं होतं, शाबासकी देशील. तू गाठ मारून सूत बाजूला ठेवलंस.

"ती येईन. तिच्यामागं थो येईन. मंग तू कुठं राहशीन? कनगीमागं?"

तू ठेवलेलं सूत मी उचलून बोटाला गुंडाळू लागले.

"मी मरून जाईन तंवर. वाटी कोन धरन?"

तेव्हा मला तुझी अट पहिल्यांदा थोडी कळली. पूर्ण नाही.

या उन्हाळ्यात तू खाटेला खिळलीस. औषध थुंकायचीस, पाय चेपू द्यायची नाहीस आणि एकीकडे माझा हात सोडायची नाहीस. एका दुपारी अंगणात कावळे भांडत होते आणि तू अचानक बोलू लागलीस. मेहकरकडचं तुझं सासर, तिथला तो माणूस, रानातून पळत आलेली तू. इतक्या वर्षांत एका शब्दानं सांगितलं नव्हतंस.

"मी भिऊन अनुसरली, गोदा. काळं पांघरलं का कोनी हात लावत नाई, एवढंच मले मालूम होतं. स्मरनाले बसली का कान दाराकडं. कितीक वर्सं मी देवाचं नाव घेऊन दाराचीच राखन केली. लोक म्हने, अक्का मोठी तपस्वी. मले तं देव दिसलाच नाई, दार दिसे."

"मग कधी गेली भीती?"

"थो मेला तवा." तू डोळे मिटलेस. "आपली आपन नाई गेली. त्याच्या मरनानं गेली. तसं तुयं होऊ नये."

आणि मी काय म्हटलं माहीत आहे ना? मी चिडले. मरणाच्या खाटेवरच्या म्हातारीवर चिडले. म्हटलं, तुला भीत भीत का होईना, कुणीतरी अनुसरू दिलं ना अक्का? काळ्या वस्त्रांनी तुला राखलं ना? मग मला का नाही? मी काय तुझ्याहून धीट आहे? तू माझ्या हाताला धरून कूस बदललीस. मग म्हणालीस, "उद्या सांगते. आज दम लागला."

दुसऱ्या दिवशी तुझी वाचा बसली होती. डोळे बोलत होते, हात हलत होता, पण तोंडातून शब्द नाही. मी कान तुझ्या ओठांपाशी नेऊन किती वेळ बसले. आणि मग परवा पहाटे, उजाडताना, तू गेलीस.

म्हणून म्हणते, भांडण मिटलेलं नाही. तुझ्याकडे उत्तर असेल तर ते तू घेऊन गेलीस. अजूनही मला तुझं पूर्ण पटलेलं नाही. भिऊन आलेल्या बाईला कुठंतरी लपायला मिळालंच पाहिजे, तेही देवाचंच काम आहे. तूही मला कणगी नाकारली नव्हतीस. फक्त तिलाच घर समजू दिलं नाहीस.

आता परवाचं सांगते. तुला माहीत नाही ते तेवढंच.

आपल्यात साधूला जाळत नाहीत. नदीच्या वरच्या अंगाला, बाभळींच्या पलीकडे खड्डा खणला. तुला कुशीवर निजवलं, झोपायचीस तशीच. आणि मग दोन माणसांनी गाडीतून पोतं उतरवलं. खडे मीठ. इतकी वर्षं मी पंथात आहे, मिठात ठेवतात हे मला माहीत होतं, पण दरवेळी मी मागे, चुलीशी राहत आले होते. तुझ्या वेळी कशी राहणार? पोत्याचं तोंड सुटलं आणि माझी कोपरं थरथरू लागली. तोंडात ती चव आली, तीच, इतक्या वर्षांनी. महंतबाबांना सगळं ठाऊक आहे. ते हळूच म्हणाले, "राहू दे गोदाबाई, आमी हावो ना."

मी ऐकलं असतं. पण तुझा खांदा उघडा दिसत होता. एकाच बाजूनं मीठ पडत होतं आणि तुझा खांदा तसाच, उन्हात. मी ओंजळ भरली. हात थरथरत होते, थरथरू दिले. खांद्यावर घातलं, मानेशी घातलं, पायांशी घातलं. तुझे पाय थंडीत नेहमी उघडे राहायचे. मोजलं नाही, कमी की जास्त बघितलं नाही. तुला मीठ घालताना चुकणार तरी काय होतं? थोड्या वेळानं बघितलं तर हात आपले आपण चालत होते. मग माती.

परतताना महंतबाबांनी विचारलं, "अक्कानं तुयं मिठाचं मले सांगून ठेवलं होतं. आता दीक्षेचं काय करायचं?" मी म्हटलं, बघू बाबा, आता घाई नाही. ते हसले नाहीत, पण मान हलवली. पोत्यात मीठ उरलं होतं. टाकून कशाला द्यायचं म्हणून गाडीवाल्यानं ते स्वयंपाकघरात आणून ठेवलं.

पंथात सुतक नाही आणि माणसं लांबून चालत आलेली. पंगत करायला हवी होती. अंघोळ करून चुलीशी बसले. तुरीचं वरण शिजलं. देवाचं पान बाजूला काढलं. आणि मग त्या उरलेल्या पोत्यातलं मीठ मी वरणात घातलं. ढवळलं. पळीनं तळहातावर थेंब घेतला आणि जिभेला लावला. घाटावरचं गोडं पाणी, त्यात माझ्या आईच्या हातासारखं मीठ. बरोबर होतं, अक्का. कुणाला सांगावं म्हणून मी खाटेकडे वळले, आणि खाट रिकामी.

पंगत बसली. मी आत भाकऱ्या मोडत होते. वाटी कुणीतरी रोजच्यासारखी मधोमध ठेवली, माझ्या ध्यानातच आलं नाही. आणि रोजच्यासारखं सगळ्यांनी आधी वाटीत हात घातला, चिमूट टाकली, कालवलं आणि पहिला घास घेतला.

पंगत एकदम गप्प झाली. मी बाहेर आले तर सगळ्यांची तोंडं वाकडी, आणि दुःखाचा दिवस म्हणून कुणी बोलत नाही. मनियार चाचा ओसरीच्या कडेला बसले होते, त्यांनीच घास कसाबसा गिळला.

"बेटी," ते म्हणाले, "यात तं आधीच हाय!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी उंबऱ्यात, हातात भाकऱ्यांची परडी. पळावंसं वाटलं नाही, हे मी तुला शपथेवर सांगते.

"हाव," मी म्हटलं. "आज मी घातलं."

महंतबाबांनी पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग पंगतच्या पंगत हसली, तुझ्यावरची माती अजून ओली असताना. मी ताकाचा तांब्या घेऊन फिरले. वाटी उचलून आत नेली, ती पुन्हा बाहेर काढलेली नाही. आणि चाचा जाताना म्हणाले की या खेपेला त्यांनी त्या पोरीला निरोप दिला आहे, तिनं दोनदा विचारून घेतलं, नदीच्या अल्याड की पल्याड.

वरण फार खारट झालं होतं, अक्का. लोकांनी ताक ओतून, भाकरीला लावून, कसंबसं संपवलं. ताट कुणी फेकलं नाही.